‘बाहेर’चं इंग्रजी करताना आधी स्टंप शोधा

गेल्या दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी कंदी पेढे घेऊन घरी आला. धोम धरणाच्या पाण्याकाठी त्याच्या वडिलांची थोडी जमीन आहे. तिथे त्यानं चार खोल्या बांधून पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली आहे. खोल्या झाल्या, गाद्या आल्या, आता इंटरनेटवर जाहिरात टाकायची तर इंग्रजी मजकूर हवा. तो त्यानं स्वतःच लिहिला होता. पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात ठेवताना खालून तो कागद पुढे सरकवला. "बाई, जरा नजर टाका. पाच मिनिटांचं काम आहे."

कागदावर होतं: ‘टॉयलेट इज आउटडोअर. फूड वी गिव्ह आउटसाइड. गेस्ट कॅन स्लीप इन द ओपन. ओनर इज ऑलवेज आउटसाइड.’

मी वाईत एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे त्याला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. संडास घराच्या मागे, वेगळा आहे. जेवण अंगणात वाढतो. उन्हाळ्यात कुणाला चांदण्यात झोपायचं असेल तर खाट टाकून देतो. आणि वडील कायम ओसरीवर बसलेले असतात, काही लागलं तर हाक मारा. पण हेच वाक्य परक्या माणसानं वाचलं तर? ‘मालक कायम बाहेर असतो’ याचा अर्थ तो असा घेईल, की रात्रीबेरात्री हा गृहस्थ आपल्या खिडकीबाहेर उभा आहे. त्या घरात कोण मुक्काम करेल?

पाच मिनिटांचं काम दोन संध्याकाळी चाललं. त्या दोन संध्याकाळी जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण ही चूक त्याच्या एकट्याची नाही. मराठीत आपल्याला एकच ‘बाहेर’ पुरतो. मूल बाहेर खेळतं, साहेब बाहेर गेलेत, आज बाहेर जेवू, मुलगा बाहेर असतो, गाडी बाहेर लाव, बाहेरच्यांना सांगू नकोस. आपण एकाच शब्दात सगळं उरकतो आणि समोरच्याला बरोबर कळतं. इंग्रजीत मात्र या प्रत्येक बाहेरला वेगळं दार आहे.

पहिला शब्द आउटसाइड. हा समजून घ्यायला व्याकरणाचं पुस्तक नको, क्रिकेट पुरे. ‘ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू’ हे वाक्य आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही माहीत असायचं. इंग्रजी समालोचक तिथे म्हणतो ‘आउटसाइड ऑफ’. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर पायचीत देत नाहीत, तेही ‘पिच्ड आउटसाइड लेग’. आता नीट बघा, चेंडू मैदानातच आहे, खेळपट्टीवरच आहे, तरी तो आउटसाइड आहे. कशाच्या? स्टंपच्या. आउटसाइडला नेहमी असा एक स्टंप लागतो. खोली, कुंपण, गाव, ऑफिसची वेळ, कुटुंब, काहीही चालेल, पण एक हद्द ठरलेली हवी आणि तुम्ही तिच्या पलीकडे हवेत. स्टंप बोलून दाखवला नाही तरी तो ऐकणाऱ्याच्या मनात असतो. मी वर्गात मुलाला ‘गो आउटसाइड’ म्हणायचे तेव्हा तो व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. तेच वाक्य पीटीच्या सरांनी व्हरांड्यात उभ्या पोरांना म्हटलं की पोरं मैदानावर पळायची. शब्द तोच, स्टंप बदलला.

दुसरा आउटडोअर्स. याला स्टंप लागत नाही, याला आभाळ लागतं. वर्गात सुरुवातीला मी सांगायचे, डोक्यावर छप्पर नसलं की आउटडोअर्स. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग मांडवात लग्न असलं तर?" मांडवाला छप्पर असतं, तरी इंग्रजीत ते लग्न आउटडोअरच. तेव्हापासून मी कसोटी बदलली. वारा, ऊन, पावसाचे शिंतोडे अंगावर येऊ शकतात का, हे विचारायचं. येऊ शकत असतील तर आउटडोअर्स. आमच्याकडे जुलैत पसरणी घाटातून जो पाऊस उतरतो, तो मांडवातल्या माणसाला कोरडा सोडत नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता दोन्ही शब्द एकत्र ठेवून बघा. शाळेच्या बंदिस्त जिन्यात उभं राहिलेलं मूल वर्गाच्या आउटसाइड आहे, पण आउटडोअर्स नाही, कारण इमारतीतच आहे. वानखेडेवर मॅच बघायला बसलेला माणूस स्टेडियमच्या आत आहे, इंग्रजीत इनसाइड, आणि तरीही आउटडोअर्स आहे, ऊन डोक्यावर तळपतंय. ही दोन चित्रं ज्याच्या डोक्यात बसली त्याला या दोन शब्दांत पुन्हा गोंधळ होत नाही. एक शब्द हद्दीबद्दल बोलतो, दुसरा हवेबद्दल.

ओसरीचं काय? विद्यार्थ्यानं हे विचारलंच, कारण वडील तिथेच बसतात. ओसरीवर बसलेल्या माणसाला आउटसाइड म्हणा, कुणी हरकत घेणार नाही, कारण घराचा उंबरा हा स्टंप ठरलेला आहे. आउटडोअर्स म्हटलंत तर चालून जाईल, पण थोडं उगाच वाटेल. त्यापेक्षा ‘ऑन द व्हरांडा’ म्हणावं. व्हरांडा हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून उचलून नेला, आणि त्यांना तो नीट कळतो. जिथे जागेला नाव आहे तिथे नावच वापरावं. गच्ची, ओटा, अंगण, परसू, पडवी अशी दहा नावं आपण रोज घेतो आणि इंग्रजी लिहायला बसलं की सगळ्यांचं ‘आउटसाइड’ करून टाकतो, हा आपला आळस आहे.

बोलण्यातली सवयही सांगते. रोजच्या गप्पांत इंग्रज काय, अमेरिकन काय, आउटसाइडच म्हणतात. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिचा सहा वर्षांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आईला विचारतो, ‘कॅन आय प्ले आउटसाइड?’ आउटडोअर्स तो म्हणत नाही. थंडी-पावसाबद्दल बोलतानाही आउटसाइडच, ‘इट्स कोल्ड आउटसाइड’. आउटडोअर्स हा शब्द जरा इस्त्री केलेला आहे. माहितीपत्रकात, आरोग्याच्या सल्ल्यात, ट्रेकिंगच्या जाहिरातीत शोभतो. ‘मुलांनी रोज दोन तास मोकळ्या हवेत घालवावेत’ असं डॉक्टरांच्या तोंडी वाक्य असेल तर आउटडोअर्स घाला. ‘अगं, बाहेर पाऊस आलाय, कपडे काढ’ असं वाक्य असेल तर आउटसाइड. शंका आली तर आउटसाइडकडे झुका, दहातल्या आठ वेळा वाचाल.

आता शेपटीचा प्रश्न. आउटडोअर की आउटडोअर्स? आपल्याकडे शाळेच्या नोटीस बोर्डापासून सोसायटीच्या पत्रापर्यंत हा घोळ आहे. युक्ती अशी: पुढे नाम असेल तर शेपटी कापा, नसेल तर ठेवा. आउटडोअर गेम्स, आउटडोअर लग्न, एसीचं आउटडोअर युनिट, या सगळ्यांत ‘स’ नाही. ‘वी प्लेड आउटडोअर्स’, ‘वी ईट आउटडोअर्स’, इथे पुढे नाम नाही, म्हणून ‘स’ हवा. आपली माणसं बहुतेक वेळा ‘वी प्लेड आउटडोअर’ लिहितात, कारण कानावर पहिल्यापासून पडलेलं ‘आउटडोअर गेम्स’ असतं आणि त्यातला अर्धा तुकडा उचलला जातो. शेपटीवाल्याच्या मागे ‘द’ लावला की तेच नाम होतं, द आउटडोअर्स, म्हणजे डोंगर-रान-नदी, मोकळ्यावरचं सगळं जग. ‘शी लव्हज द आउटडोअर्स’ म्हणजे तिला रानावनात भटकायला आवडतं. तिला नुसतं ओट्यावर बसायला आवडत असेल तर हे वाक्य लिहू नका.

(कबड्डीला आम्ही वर्षानुवर्षं आउटडोअर गेम म्हणून शिकवलं. 2014पासून प्रो कबड्डी चकाचक स्टेडियममध्ये, छताखाली, मॅटवर टीव्हीवर दिसू लागली, आणि एका पोरानं परीक्षेत तिला इनडोअर लिहिलं. मी मार्क दिला. मैदानी हा आपला शब्द अजूनही खरा आहे, पण इंग्रजी शब्द वारा-पाऊस बघतो.)

दोन्ही शब्दांच्या मागे ‘टू’ लावायचा नाही. ‘गो टू आउटसाइड’ ही चूक मराठी माणसानं करायचं खरं तर काही कारण नाही. आपण तरी कुठे ‘बाहेरला जा’ म्हणतो? ‘बाहेर जा’ म्हणतो. शाळेत जा, बाजारात जा, पण बाहेर जा. इंग्रजीतही तसंच, गो टू स्कूल, गो टू द मार्केट, पण गो आउटसाइड. ‘इन आउटसाइड’ही नको. ‘बाहेरून’साठी मात्र ‘फ्रॉम आउटसाइड’ चालतं. आणि स्टंप बोलून दाखवायचा तर तो थेट आउटसाइडला चिकटतो, आउटसाइड द गेट. आउटडोअर्सला असं काही चिकटत नाही. ‘आउटडोअर्स द हाऊस’ असं इंग्रजी पृथ्वीवर कुणी बोलत नाही.

तिसरा शब्द सगळ्यात छोटा आणि सगळ्यात जास्त फसवणारा, नुसता आउट. याच्यापायी माझीच फजिती झालेली आहे. नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. पाचगणीला कुणाकडे तरी पाहुण्या आलेल्या एक वयस्क इंग्रज बाई आमची शाळा बघायला आल्या. मुख्याध्यापक साताऱ्याला कामाला गेले होते. शिक्षकखोलीत इंग्रजीची म्हणून मला पुढे ढकललं. मी आत्मविश्वासानं म्हणाले, ‘हेडमास्टर इज आउटसाइड.’ बाई ‘थँक यू’ म्हणून बाहेर गेल्या. मैदानाला एक फेरी मारून, पाण्याच्या टाकीजवळ डोकावून पाच मिनिटांनी परत आल्या. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून मी तेच वाक्य मोठ्यांदा म्हटलं. त्या पुन्हा गेल्या. दुसऱ्या खेपेला शिपायानं त्यांना हातवारे करून ‘सातारा, सातारा’ सांगितलं, तेव्हा उलगडा झाला.

‘ही इज आउट’ म्हणजे तो जागेवर नाही, कुठेतरी गेला आहे. ‘ही इज आउटसाइड’ म्हणजे तो इथेच आहे, दाराच्या पलीकडे, हाक मारली तर येईल. हे दोन अर्थ एकमेकांच्या जवळपास उलटे आहेत. फोनवर ‘साहेब बाहेर आहेत’ सांगताना नव्व्याण्णव वेळा आउट हवा असतो. जेवणाचंही तसंच. ‘वी एट आउट’ म्हणजे हॉटेलात जेवलो. ‘वी एट आउटसाइड’ म्हणजे घरचंच जेवण अंगणात ताट घेऊन जेवलो. विद्यार्थ्याच्या कागदावरचं ‘फूड वी गिव्ह आउटसाइड’ म्हणूनच अर्धवट होतं. वाचणाऱ्याला कळेना की जेवण फाटकाबाहेर देतात की काय. त्याला हवं होतं ते असं: जेवण अंगणात वाढतो आणि भाकरी उघड्यावरच्या चुलीवर होते. म्हणजे ‘कुक्ड आउटडोअर्स ऑन अ वुड फायर’. इथे आउटडोअर्स छान बसतो, कारण धूर, वारा, निखारे हे सगळं त्या शब्दात आपोआप येतं.

थिएटरच्या दारावर ‘नो आउटसाइड फूड’ लिहिलेलं असतं, त्याला पुष्कळ लोक भारतीय इंग्रजी म्हणून हसतात. हसू नये. ते बरोबर आहे, अमेरिकेतही अशा पाट्या असतात. स्टंप म्हणजे थिएटर, त्या हद्दीपलीकडून आणलेलं अन्न ते आउटसाइड फूड. आपल्या बटाटेवड्यावरचा राग वेगळा, इंग्रजी चुकीचं नाही.

यानंतर एक जरा गमतीचा भाग, कारण इथे आउटडोअर आभाळ सोडून देतो. दवाखान्यात ‘आउटडोअर पेशंट’ म्हणजे झाडाखाली झोपलेला पेशंट नव्हे. तपासून, औषध घेऊन घरी जाणारा. दाखल झालेला तो इनडोअर. इंग्लंडातही हा अर्थ जुना आहे. तिथे गरिबांच्या मदतीचे कायदे होते. 1834च्या कायद्यानंतर गरिबाला मदत हवी तर त्यानं वर्कहाऊस नावाच्या आश्रमवजा, जवळपास तुरुंगासारख्या इमारतीत जाऊन राहावं, असा सरकारचा आग्रह होता. तिथे न जाता आपल्या घरी राहून पैसे किंवा धान्य मिळालं तर त्या मदतीला ‘आउटडोअर रिलीफ’ म्हणत. मदत घेणारी म्हातारी आपल्या झोपडीत, छपराखाली, शेगडीपाशी बसलेली असायची, तरी रिलीफ आउटडोअर. कारण दार तिच्या घराचं नव्हतं, त्या संस्थेचं होतं. आपल्याकडच्या हॉस्पिटलातला आउटडोअर त्याच वळणाचा आहे. आज इंग्लंड-अमेरिकेत कुणाला पत्र लिहायचं असेल तर आउटपेशंट आणि इनपेशंट लिहा. तिथे इनडोअर पेशंट म्हटलं तर माणूस कोड्यात पडेल.

आउटडोअर केटरिंगची तीच गत. केटरर आपलं स्वयंपाकघर सोडून तुमच्या कार्यालयात येऊन जेवण वाढतो, ते आउटडोअर, मग हॉल एसी का असेना. आपल्या जीएसटीच्या भाषेतही हा शब्द याच अर्थानं बसलेला आहे. आणि शूटिंग! वाईकरांना हे सांगायला नको. मेणवलीच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यात कितीतरी युनिटं येऊन गेली. मुंबईच्या माणसाला ते सगळं ‘आउटडोअर’, वाड्याच्या आतल्या दालनात दिवे लावून केलेलं दृश्यसुद्धा. इथे दार स्टुडिओचं. बाहेरच्या देशातल्या माणसाशी बोलताना ‘ऑन लोकेशन’ म्हणावं, घोळ टळतो.

आता संडास. कागदावरची सगळ्यात धोक्याची ओळ हीच होती, आणि आम्ही सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला.

‘टॉयलेट इज आउटडोअर’ वाचून शहरी पाहुण्याच्या मनात दोन चित्रं येऊ शकतात आणि दोन्ही चुकीची. एक, भिंतीच नाहीत. दोन, हे एखादं महागडं रिसॉर्ट आहे. कारण ‘आउटडोअर शॉवर’ हा हल्ली ऐषआरामाचा शब्द झालाय, दगडी भिंत, वर आभाळ, बाजूला केळ, आणि रात्रीचे पंधरा हजार. ‘आउटसाइड टॉयलेट’ मात्र उलट्या टोकाचा. इंग्लंडातल्या जुन्या कामगारवस्त्यांत परसात संडास असायचे, त्यांना हे नाव. ते म्हटलं की तिथल्या म्हाताऱ्यांना थंडीत कंदील घेऊन जावं लागायचं ते आठवतं. म्हणजे एकच वस्तू, घराला न जोडलेली. आउटडोअर म्हटलं तर चैन, आउटसाइड म्हटलं तर गरिबी. याचा संडास या दोन्हींत बसत नव्हता. पक्क्या भिंती, टाइल्स, गरम पाणी, फक्त घरापासून बारा पावलांवर. मी त्याला म्हटलं, "दोन्ही शब्द खोड आणि पावलं मोजून लिही." तो मोजून आला, बारा नाही, चौदा निघाली. ‘अ प्रायव्हेट टाइल्ड बाथरूम, फोर्टीन स्टेप्स फ्रॉम युअर डोअर, विथ अ लाइट ऑल द वे.’ दिव्याचं आधी नव्हतं. ते लिहायचं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी दिवा लावून घेतला.

याच ओघात आउटहाऊस. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांना आउटहाऊस असतं, मुख्य बंगल्यापासून वेगळी छोटी इमारत, पूर्वी नोकरांसाठी, आता पाहुण्यांसाठी. ब्रिटिश माणसालाही हे साधारण असंच कळतं. पण अमेरिकेत आउटहाऊस म्हणजे अंगणातला लाकडी खोपटातला खड्ड्याचा संडास, दुसरं काही नाही. माझ्या भाचीनं अमेरिकन मैत्रिणीला कौतुकानं सांगितलं होतं, की लहानपणी मे महिन्यात आम्ही अख्खं कुटुंब महिनाभर आउटहाऊसमध्ये राहायचो. ती मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही म्हणे. जाहिरातीत गेस्ट कॉटेज लिहा, किंवा ॲनेक्स.

‘इन द ओपन’ हा शब्द मी त्याच्या कागदावरून काढायलाच लावला. मराठीत आपल्याकडे या बाबतीत बारीक फरक आहे आणि तो इथे कामी येतो. ‘उघड्यावर झोपला’ आणि ‘चांदण्यात झोपला’ ही एकाच खाटेवरची दोन वाक्यं आहेत. पहिल्यात कीव आहे, दुसऱ्यात सुख. इंग्रजी ‘इन द ओपन’ हा उघड्यावरच्या जवळचा, आडोसा नाही, संरक्षण नाही. गावोगावच्या हागणदारीमुक्तीच्या पाट्यांवर जे ‘ओपन डेफिकेशन फ्री’ असतं, तिथलं ओपन तेच, उघड्यावर. तेव्हा पाहुण्यांना इन द ओपन झोपवू नका. ‘स्लीप अंडर द स्टार्स’ म्हणा, तेच आपलं चांदणं. फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठी ब्रिटिशांचा वेगळाच शब्द आहे, ‘स्लीप रफ’, तोही चुकून इकडे आणू नका. ‘ओपन एअर’ मात्र निर्धोक आहे. खुल्या नाट्यगृहाला ‘ओपन-एअर थिएटर’, मोकळ्या हवेतल्या मैफलीला ‘ओपन-एअर कॉन्सर्ट’. आणि गुपित बाहेर आलं तर ते ‘आउट इन द ओपन’, म्हणजे उघडकीस. बघा, मराठीतही उघड आणि उघडकीस एकाच घरातले.

बाकीचे भराभर सांगते. मुलगा परदेशी असेल तर ‘माय सन इज आउटसाइड’ नको, तो दाराबाहेर चपला काढतोय असं वाटेल. ‘लिव्ह्ज अब्रॉड’. बाहेरगावी गेलेल्याला आपण ‘आउट ऑफ स्टेशन’ म्हणतो. आपल्यात बिनधास्त म्हणा, पण परदेशी माणसाला ‘आउट ऑफ टाउन’ सांगा, नाहीतर तो रेल्वे स्टेशन शोधेल. गाडी आउटरला थांबते, रिंग रोड आउटर असतो. एकात एक कडी असली आणि त्यातली बाहेरची सांगायची असली की आउटर. भिंतीच्या बाहेरच्या अंगाचा रंग एक्स्टिरिअर. मलमाच्या ट्यूबवर आणि प्रॅक्टिकलला येणाऱ्या परीक्षकाला एक्स्टर्नल. पाचगणीच्या निवासी शाळांतल्या मुलांना बाजार ‘आउट ऑफ बाउंड्स’ असतो. तिथे जायची मनाई, एवढाच अर्थ, बाजार उघड्यावर आहे की छताखाली याच्याशी संबंध नाही.

आणि काही ‘बाहेर’ असे आहेत, की त्यांच्यासाठी आउटपासून सुरू होणारा कुठलाच शब्द चालत नाही. ‘हिला बाहेरचं लागलंय’ असं आजी म्हणायची आणि मिरच्या-मीठ ओवाळायची. ते ‘आउटसाइड इज अटॅच्ड’ करणारा एक विद्यार्थी मला खरंच भेटलाय. तिथे भूतबाधेचं सरळ वाक्य लिहावं. ‘ती बाहेर बसली आहे’ म्हणजे पाळी आली आहे, हे आमच्या पिढीच्या कानाला इतकं सरावाचं होतं की त्यातलं बाहेर ऐकूच यायचं नाही. एका निवासी शाळेच्या मेट्रनला गावाकडच्या आईनं चिठ्ठीत ‘शी विल सिट आउटसाइड फोर डेज’ लिहून पाठवलं होतं. मेट्रननं त्या मुलीला आतच बसवलं, गरम पाण्याची पिशवी दिली आणि मला फोन करून अर्थ विचारला. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की असं होतं. आधी वाक्य मराठीत उलगडून बघा. ‘बाहेर’ काढून टाकून तेच सांगता येतंय का? येत असेल तर इंग्रजीतही तो शब्द लागणार नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मजकूर पुरा झाला. वडिलांची ओळ अशी झाली: ‘माय फादर इज युज्वली ऑन द व्हरांडा. जस्ट कॉल.’ यात आउट नाही, साइड नाही, डोअर नाही, आणि म्हातारा आता कुणाला भिववत नाही.

एकच शब्द राहिला होता. "बाई, अंगणाला काय लिहू? कोर्टयार्ड?" कोर्टयार्ड म्हणजे आपल्या वाड्याचा चौक, चारी बाजूंनी खोल्या. याचं अंगण तीन बाजूंनी मोकळं, समोर धरणाचं पाणी. बॅकयार्ड म्हटलं तर ते घराच्या मागे जातं. नुसतं यार्ड म्हटलं तर ब्रिटिश माणसाला फरसबंद जागा किंवा लाकडांची वखार आठवेल, अमेरिकन माणसाला हिरवळ. त्याची आई रोज पहाटे झाडून सडा घालते, त्या जमिनीला यातलं एकही नाव लागत नाही. शेवटी आम्ही रोमन लिपीत ‘अंगण’च लिहिलं आणि पुढे एक ओळ घातली: घरासमोरची सारवलेली जमीन, जिथे सकाळचा चहा मिळतो.

जानेवारीत त्याचा फोन आला. पहिलं परदेशी जोडपं आलं होतं. खोलीत बॅगा टाकल्या आणि बाहेर येऊन त्याच्या आईला विचारलं, ‘व्हेअर इज द अंगन?’ ती तिथेच उभी होती, हातात केरसुणी. तिनं पायाखाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे काय. चपला काढा आधी."